पडणाऱ्यांचे एजंटभाऊ

एजंटभाऊ ज्या उमेदवारासाठी मतदान केंद्रात बसत, तो पडत असे. एकदा नाही, जवळजवळ दरवेळी. वसईच्या विधानसभेला आजवर कोण कोण निवडून आलं, हे आमच्या निर्मळ गावातल्या कुणीही आठवून आठवून सांगितलं असतं. पण पडले कोण, हे फक्त भाऊंना तोंडपाठ होतं. कोण कुठल्या केंद्रावर पुढं होता, कुठल्या केंद्रावर घसरला, पडल्यावर त्यानं काय केलं, दुकान टाकलं की परत शाळेत शिकवायला गेला, सगळं. “निवडून आलेल्याचं नाव पाटीवर लागतं,” ते म्हणायचे. “पडलेल्याचं कुठं लिहितात? म्हणून मी डोक्यात ठेवतो.”

एजंट म्हणजे विम्याचा नव्हे. केंद्रात आत, भिंतीकडेच्या बाकावर, मतदारयादी मांडीवर घेऊन बसतो तो उमेदवाराचा माणूस. आलेला मतदार खरा की खोटा हे ओळखणं त्याचं काम. पण गावात नाव पडलं ते पडलंच. एकदा स्कूटरवरून एक गृहस्थ ‘एजंटांचं घर कुठलं’ विचारत वाडीत आले. त्यांना मुलीच्या नावानं पॉलिसी काढायची होती. भाऊंनी बसवलं, चहा दिला आणि बोलायला लागले. ते गृहस्थ उठले तेव्हा पॉलिसी डोक्यातून गेली होती, पण एका अपक्षाची अनामत पूर्वपट्टीतल्या, म्हणजे डोंगराकडच्या, चार पाड्यांनी कशी वाचवली, हे मात्र ते फाटकापर्यंत स्वतःशी बोलत गेले. हे मला काकींनी सांगितलं, म्हणजे भाऊंच्या बायकोनं. सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं.

माझी नि भाऊंची ओळख कशी झाली ते सांगायला मला अजून लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

मी बीड जिल्ह्यातला, केज तालुक्यातला. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. विशीत वसईला आलो आणि गोखिवऱ्याला एका गाळ्यात पत्र्याची झाकणं दाबायच्या मशीनवर लागलो. गावापासून इतक्या लांब आलेल्या माणसाला सगळ्याचीच भीती वाटते. मला जरा जास्तच वाटायची. शिपायालाही मी हात जोडून साहेब म्हणायचो. बसच्या कंडक्टरनं तिकीट विचारलं तर हातात तिकीट असून छातीत धस्स व्हायचं. निवडणुकीच्या दिवशी सकाळी गाळ्यातल्या मुकादमानं आम्हाला टेम्पोत बसवलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक चिठ्ठी दिली. “शिक्का मारून यायचं. आजची हजेरी भरून मिळेल.” मी म्हणालो, “पण हे नाव माझं नाही.” तो म्हणाला, “चिठ्ठी तुझ्याच हातात आहे ना? मग झालं.” खरंच सांगतो, मला वाटलं शहरात असंच असेल. जन्मातलं पहिलं मत म्हणून मी पहाटे आंघोळ करून कपाळाला अष्टगंध लावून आलो होतो.

टेम्पो निर्मळच्या शाळेशी थांबला. रांगेतून मी आत गेलो. टेबलावरच्या माणसानं चिठ्ठी घेतली आणि मोठ्यानं वाचली, “सांतान बस्त्याव...” पुढं आडनाव. बाकावरचे तिन्ही एजंट एकदम माझ्याकडे बघायला लागले. वसईत राहिलेल्या कुणालाही कळेल की सांतान बस्त्याव हे ख्रिस्ती माणसाचं नाव. मुकादम उत्तरेकडचा, मी मराठवाड्यातला. आम्हा दोघांनाही ते ‘संतान’सारखं काहीतरी वाटलं होतं. आणि हा सांतान कपाळावर बोटभर अष्टगंध ओढून उभा!

बाकावर मधोमध एक साठीपलीकडचे गृहस्थ होते. पांढरा सदरा, गुडघ्यावर यादी, यादीवर फूटपट्टी. त्यांनी चष्मा वर केला आणि अगदी आपुलकीनं विचारलं, “काय रे सांतान, रविवारी मिस्साला दिसला नाहीस?”

चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेला इथं मिस्सा म्हणतात, हे मला कुठून माहीत असणार? मला ‘मिशा’ ऐकू आलं. माझा हात आपोआप ओठावर गेला. मी म्हणालो, “अजून नीट आल्या नाहीत, काका.”

खोलीत असा काही हशा उठला की दारातला पोलीससुद्धा आत डोकावला. त्याला बघून मी दोन पावलं मागं सरकलो. त्यांच्या शेजारचा एजंट, पास्कू नावाचा जाडजूड माणूस, डोळे पुसत म्हणाला, “भाऊ, भरा की दोन रुपये. घ्या आक्षेप. एवढा स्वस्तातला मासा परत मिळायचा नाही.” मतदारावर आक्षेप घ्यायचा तर एजंटला दोन रुपये भरावे लागतात. आक्षेप खरा ठरला की खोट्या मतदाराची रवानगी थेट पोलिसाकडे. मला आणणारा मुकादम भाऊंच्या विरुद्ध बाजूचा होता. तेव्हा आक्षेप घेण्यात भाऊंचाच फायदा होता, आणि पास्कू तिसऱ्याच कुणाचा एजंट असल्यानं त्याला नुसती गंमत होती.

केंद्राध्यक्षांनी विचारलं, “आक्षेप आहे का?”

“आक्षेप सांतानवर घ्यायचा असतो,” भाऊ शांतपणे म्हणाले. “मी सांतान आहे असं हा कुठं म्हणाला? नाव तुम्ही वाचलंत साहेब. यानं चिठ्ठी फक्त हातात धरली.” मग माझ्याकडे वळून, “तुझं नाव काय रे?”

“बालाजी.”

“बालाजीचं नाव या यादीत नाही. चुकून आला. जा बाबा, बाहेर जा.”

मी बाहेर आलो आणि भिंतीला टेकून खालीच बसलो. टेम्पो निघून गेला होता. दुपारी भाऊ जेवायला बाहेर आले तेव्हा मी तिथंच होतो. त्यांनी डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि केळफुलाची भाजी. अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. पक्षाच्या माणसांनी आणलेल्या वडापावच्या पिशवीकडे त्यांनी बघितलंही नाही. “त्यांचा वडा खाल्ला की समोरचा माणूस आधी पक्षाचा दिसायला लागतो, मग गावाचा,” म्हणाले. तेवढ्यात खरा सांतान मतदान करून हसत आला. “भाऊ, सकाळी मी गंध लावून आलो होतो म्हणे! फादरना कळलं तर काय सांगू?” भाऊंनी त्यालाही केळं दिलं आणि मला विचारलं, “तुझं स्वतःचं मत कुठं आहे?”

“गावाकडं असंल.”

“असेल? मत असेल म्हणून सोडून द्यायची वस्तू आहे का? रविवारी वाडीत ये.”

मी गेलो. भीतभीत गेलो, पण गेलो. त्या रविवारनंतर कितीतरी रविवार गेलो. केळीच्या बागेच्या कडेला कौलारू घर, ओट्यावर एक पत्र्याची ट्रंक, आणि तिच्यात जुन्या मतदारयाद्या. माझं शिक्षण आठवीत तुटलं असं मी वर लिहिलं, पण ते पुढं त्या ओट्यावर चालू राहिलं असं म्हटलं तरी चालेल. पुढारी कसे बदलले ते पेपरात येतं, यादी कशी बदलली ते कुणी सांगत नाही, हे भाऊंचं आवडतं वाक्य. ते एकेक यादी काढून दाखवायचे. अगदी जुनी यादी जपमाळेच्या पुस्तकाएवढी बारीक. पत्त्याच्या जागी नुसतं ‘वाडी’ किंवा ‘पाडा’. पुढची जराशी जाड, तिच्यात ‘चाळ’ हा शब्द पहिल्यांदा आला. त्यापुढच्या यादीत सदनिका, इमारत, विंग. शेवटीशेवटी तर एका मतदारसंघाच्या याद्या एका ट्रंकेत मावेनात. “हे बघ,” ते एका पानावर फूटपट्टी ठेवून म्हणाले, “इथं भातशेती होती. मतं नव्हती, बगळे होते. आता दोन केंद्रं आहेत.” शेतं गेली याचं दुःख त्यांना होतंच. हिरव्या वाड्या वाचवायला गावं रस्त्यावर उतरली तेव्हा तेही उतरले होते. पण त्या केंद्रांतल्या माणसांबद्दल वाईट शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

त्यांना निवडणुकीचं साल क्वचितच सांगावं लागे. केळीवर रोग पडला त्या वर्षीची निवडणूक. इतके उमेदवार उभे होते की मतपत्रिका पंच्यासारखी झाली आणि घडी घालता घालता म्हाताऱ्यांना घाम फुटला, ती निवडणूक. पूर्वपट्टीतल्या चांदीपला सभेला माणसं कमी नि म्हशी जास्त आल्या, ती निवडणूक. चांदीपची एक बाई म्हणे भाऊंना बांधावर अडवून म्हणाली होती, “पानी प्या, भाऊ. आनि खरं सांगा, कोनाला देऊ मत?” भाऊ पाणी प्यायले आणि म्हणाले, “बाई, भाताचं बी विचार, मुलीला स्थळ विचार, ते सोडून काहीही विचार.” त्यांच्या उमेदवाराचा माणूस बरोबर होता. त्यानं कपाळावर हात मारला. त्या पाड्यात भाऊंचा उमेदवार पडला हे सांगायला नको.

नावांचं तर मला अजून नवल वाटतं. यादीत एका गावात एकाच नावाचे सहा सहा जण. यादीत लिहिलेलं इग्नेशियस, गावात हाक मारतात इनास. घराण्याचं टोपणनाव तिसरंच. भाऊ पट्टी सरकवत सांगत जायचे: हा विहिरीवाल्यांचा, हा गवंड्यांचा, हा गेला, ही सून होऊन गास गावाला गेली. गाव हिंदूंचं आणि ख्रिस्त्यांचं दोन्ही, आणि दोन्ही घरांतली बोली वेगळी. भाऊ ज्याच्याशी बोलतील त्याच्या बोलीत बोलायचे. मी एकदा गंमत म्हणून मधलंच एक पान उघडून आकडा सांगितला. त्यांनी डोळे मिटून नाव सांगितलं, नवऱ्याचं नाव सांगितलं, आणि वर, “तिच्या दारात चाफा आहे.” मी पान मिटलं. देवळात गेल्यावर वाटतं तसं वाटलं मला, म्हणजे आवाज खाली आला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी भाऊ सायकल काढायचे आणि सुकेळ्यांचं पुडकं घेऊन पडलेल्याच्या घरी जायचे. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी. इकडची पाहुण्यांना द्यायची चीज. आपल्याच नव्हे, समोरच्या पडलेल्यांकडेही जायचे. “जिंकलेल्याकडे गर्दी असते, आपण कशाला?” एकदा मतमोजणीच्या आदल्या दिवशीच ते सहज एका उमेदवाराच्या गल्लीतून पुडकं घेऊन कुठंतरी चालले होते. त्या उमेदवाराच्या बायकोनं खिडकीतून बघितलं आणि आत जाऊन नवऱ्याला म्हणाली, “अहो, एजंटभाऊ आले, गेलं सगळं!” तो खरंच पडला. भाऊंना पुढं कित्येक दिवस त्याचं वाईट वाटत होतं.

माझं नाव गोखिवऱ्याच्या यादीत आलं ते भाऊंमुळं. चाळीत खोली घेतली, गावाकडून बायको आणली, तिचंही नाव लागलं. छापील यादीत आपलं नाव पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी त्यावर बोट ठेवून तसाच उभा राहिलो. इथं कुणी ‘तू कुठला?’ विचारलं की आजवर मला उत्तर सुचत नसे. आता ते कागदावर होतं. म्हणूनच पुढं जे झालं त्यानं माझी झोप उडाली.

पुढच्या निवडणुकीआधी यादीची तपासणी निघाली. एका रविवारी मी ओट्यावर बसलेलो असताना भाऊंचा पुतण्या हेमंत मोटरसायकलवरून आला. भाऊंच्या बाजूचा सगळा कारभार आता त्याच्या हातात होता. त्यानं नमुना सातच्या अर्जांचा गठ्ठा भाऊंपुढं ठेवला. नाव वगळण्यासाठी हा नमुना भरतात. आमच्या अख्ख्या चाळीची नावं त्यात होती. माझंही. कारण सगळ्यांचं एकच: ‘सदर पत्त्यावर राहत नाही.’

“भाऊ, फक्त सह्या करा,” हेमंत म्हणाला. “तुमची सही बघितली की कचेरीत कुणी प्रश्न विचारत नाही. ही बाहेरची मतं आली म्हणून आपण गेल्या वेळी पडलो.”

“त्याच्या आधी आपण काय निवडून येत होतो?”

“भाऊ, जोक करू नका. यू नो, ती सगळी वन साइड जातात.”

“कुठं जातात ते पडद्यामागचं. अर्जात काय लिहिलंय? राहत नाहीत. हा बालाजी समोर बसलाय.”

हेमंतनं माझ्याकडे बघितलं. मी उठून उभा राहिलो, का ते मलाही कळलं नाही. तो म्हणाला, “हा एक राहत असेल.”

“मग बाकीचे बघून येतो,” भाऊ म्हणाले आणि सायकलला हवा आहे का बघायला उठले.

पुढचे तीन रविवार तो म्हातारा माणूस निर्मळहून सायकल हाणत रेल्वेपलीकडे गोखिवऱ्याला येत होता. प्रत्येक दारात जाऊन, “घरात कोण कोण? यादीत कोण कोण?” आमच्या बायकांना वाटलं, खोल्या पाडायचं काहीतरी आलं. मी पुढं पुढं होऊन सांगत होतो, आपलेच आहेत. गठ्ठ्यातली तीन-चार माणसं खरंच खोली सोडून गेली होती. तेवढ्यांच्याच अर्जावर भाऊंनी सही केली. आणि मग घरी जाऊन त्यांनी निर्मळची यादी काढली. मुंबईला कायमचे राहायला गेलेले, पण नाव इकडे ठेवलेले, असे आपल्याच भाऊबंदांतले मतदार त्यांनी शोधले आणि त्यांचेही अर्ज भरले. पहिला अर्ज स्वतःच्या मुलीचा होता, तिचं सासर नाशिकला होतं.

काकी चिडल्या. “पोरीचं नावसुद्धा ठेवणार नाही का हो घरात?”

“घरात ठेव की,” भाऊ म्हणाले. “यादीत नको. तिकडे तिचं आहे.”

सुनावणीला तहसील कचेरीत आम्ही सगळे हजर. हातात रेशनकार्ड, विजेचं बिल, कुणाच्या हातात नुसतीच मुलाची शाळेची वही. एकही दिवस न चुकवणारे आम्ही लोक त्या दिवशी कामाला दांडी मारून आलो होतो, कारण नाव गेलं तर रेशनकार्ड, मग खोली, मग गावाकडची गाडी, असा धागा प्रत्येकाच्या डोक्यात उसवत चालला होता. माझं नाव पुकारलं तेव्हा माझ्या तोंडून आवाज निघेना. अधिकारी बाईंनी पुन्हा विचारलं, “राहता का तुम्ही तिथं?”

मागून भाऊ म्हणाले, “राहतो. दरवाजा निळा. बायको बाळंत होऊन महिना झालाय, मुलगी आहे. पाळणा दारातच आहे, आत जागा नाही.”

बाईंनी वर बघितलं. पुढचं नाव पुकारलं. भाऊ म्हणाले, “राहतो. रात्रपाळीला असतो, म्हणून दिवसा दाराला आतून कडी. ठोकलं की शिव्या देतो.” पुढचं नाव. “राहते. नवरा नाही. शेजारच्या दोन पोरांना सांभाळते.” असं प्रत्येक नाव. हातात कागद नव्हता. हेमंत भिंतीशी उभा होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. आमची माणसं हळूहळू बोलायची थांबली. आपल्या शेजाऱ्याबद्दल जे आपल्याला ठाऊक नव्हतं, ते हा पलीकडच्या गावचा माणूस सांगत होता. शेवटी बाईंनी विचारलं, “आजोबा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?”

“यादीच्या,” भाऊ म्हणाले.

नावं राहिली. भाऊंची खुर्ची गेली. एजंटला उमेदवाराच्या सहीचं पत्र लागतं आणि ते पत्र त्या वर्षी त्यांना आलं नाही. मतदानाच्या दिवशी त्यांनी नेहमीसारखा धुतलेला सदरा घातला, रांगेत उभे राहिले, मत दिलं आणि घरी आले. “दहा मिनिटांत सगळं आटोपलं,” ते मला नंतर म्हणाले. “दिवस कुठं ठेवावा कळेना. मग केळीला पाणी सोडलं.” आत नवे एजंट बसले होते, हेमंतचे मित्र. एका म्हातारीनं माहेरचं नाव सांगितलं तर त्यांनी आक्षेप घ्यायची तयारी केली. शेवटी पास्कूनंच तिला ओळखून सोडवलं आणि बाहेर येऊन मोठ्यानं म्हणाला, “त्या म्हाताऱ्याला बोलवा रे, माझाच जीव चाललाय इथं!”

हेमंतचा उमेदवार पडला. आमच्या चाळीत जेवढी मतं होती त्याहून कमी फरकानं पडला, असं गावात सगळे म्हणत होते. दुसऱ्या दिवशी भाऊ सुकेळी घेऊन त्याच्याकडे गेले. त्याच्या बायकोनं दारातच पुडकं घेतलं आणि बसा म्हणाली नाही. भाऊबंदांच्या दोन लग्नांची बोलावणी आली नाहीत. काकींना ते लागलं.

आणि मी? मतदानाच्या दिवशी मी पुठ्ठ्याच्या आडोशामागं शिक्का हातात घेऊन उभा होतो आणि डोळ्यांपुढं भाऊंचा चेहरा होता. पण महिन्यापूर्वी आमच्या चाळीत नळ आला होता. ज्यानं आणला त्याच्या चिन्हावर मी शिक्का मारला. बायको तान्ही मुलगी कडेवर घेऊन टँकरमागं धावत होती ते दिवस मी विसरू शकलो नाही. त्यानंतर कित्येक महिने मी निर्मळला गेलोच नाही. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. शेवटी भाऊंनीच निरोप पाठवला, केळफूल न्यायला ये म्हणून. मी गेलो, आणि त्यांनी काही विचारलं नाही. ते न विचारणं मी वर्षानुवर्षं छातीवर बाळगलं.

मग मतदानाची यंत्रं आली. आमच्या मोठ्या मतदारसंघाचे तुकडे झाले. भाऊंची ट्रंक एका दिवसात जुन्या काळची झाली. काकी गेल्या. भाऊंच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं नाही. नाशिकची मुलगी त्यांना कायमचं घेऊन जायला आली, तेव्हा पुन्हा निरोप आला: “बालाजीला म्हणावं, पेन घेऊन ये.”

ओट्यावर तोच नमुना सात होता. या वेळी नाव भाऊंचं होतं.

“दोन ठिकाणी नाव नको,” ते म्हणाले. “नाशिकचा अर्ज तिकडे भरू. इकडचं तू भर.”

“भाऊ, माझं अक्षर...”

“मला कुठं दिसतंय? भर.”

मी लिहायला लागलो. नाव, वडिलांचं नाव, घर क्रमांक. वगळण्याच्या कारणाशी येऊन पेन थांबलं आणि इतक्या वर्षांचं तोंडातून बाहेर पडलं. “भाऊ, त्या वेळी माझं नाव तुम्ही वाचवलं, आणि मी...”

“थांब.” त्यांनी हात वर केला. आवाज एवढा कडक मी कधी ऐकला नव्हता. मग जरा वेळानं, नेहमीच्या आवाजात, “अख्खं आयुष्य त्या खोलीत बसलो, बालाजी. आत येणारा प्रत्येक माणूस ओळखला. पण त्या पुठ्ठ्यामागं कुणी काय केलं ते एकदाही बघितलं नाही. हेमंतचं नाही, पोरीचं नाही. तुझ्या काकीनं कुणाला दिलं तेही मला ठाऊक नाही. आता तू एकट्याचं सांगून माझं सगळं घालवतोस काय?”

ते हसले. “कारणापुढं लिही: कायमचे स्थलांतर. ‘स्थ’ नीट काढ.”

त्यांनी अंदाजानं सही केली, ती रेघेच्या खाली गेली. पोच घ्यायला विसरू नकोस, पावती नाशिकला पाठव, असं तीनदा सांगितलं. मुलगी आतून म्हणाली, “अहो बाबा, कोण बघतंय?” भाऊंनी तिच्याकडे नुसती मान वळवली. दुसऱ्या दिवशी ते नाशिकला गेले. ट्रंक कुणी नेली नाही. ती पास्कूनं आपल्या ओट्यावर ठेवून घेतली.

मी अर्ज घेऊन कचेरीत गेलो. खिडकीतल्या कारकुनानं तो उलटसुलट केला. “म्हातारा गेला का?”

“नाही. गाव सोडून गेले.”

“मग राहू द्या की नाव. कुणाचं काय अडतंय? उद्या परत आले तर?”

“अर्ज घ्या आणि पोच द्या,” मी म्हणालो.

“साहेब जेवायला गेलेत.”

“थांबतो.”

तो दुसऱ्या कामाला लागला. मी खिडकीतून हललो नाही. मागं रांग वाढली, लोक कुरकुरायला लागले. एक जण म्हणाला, “काका, बाजूला व्हा ना.” मी म्हणालो, “माझं झालं की होतो.” कारकुनानं दोनदा माझ्याकडे बघितलं, तिसऱ्यांदा शिक्का उचलला. पावतीवर नाव चुकीचं लिहिलं होतं. मी ती परत केली. त्यानं दुसरी लिहिली.

पावती खिशात घालून जिना उतरत असताना माझ्या लक्षात आलं की पाऊण तास मी त्या खिडकीसमोर उभा होतो आणि एकदाही हात जोडले नव्हते.